गणिताचा ऑनलाइन वर्ग : कोणासाठी?

रायपूरजवळच्या उरला किंवा सिलतरा येथील कारखान्यात पाळीने काम करणारा एखादा तरुण बारावीनंतर पाच-सहा वर्षांनी पदवीसाठी गणित घेण्याचा विचार करतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न बुद्धीचा नसतो, वेळेचा असतो. महाविद्यालयाचा वर्ग ज्या वेळी भरतो, त्या वेळी तो यंत्रापाशी उभा असतो. तात्यापारा भागातील एखाद्या मराठी गृहिणीची अडचण वेगळी. पण तिच्याही वाट्याला वाचन-लेखनाची निवांत वेळ येते ती रात्री नऊनंतरच. अशांसाठी आज दारे बंद नाहीत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र रायपुरात आहे, बिलासपूरला २००५ पासून पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठ आहे, आणि २०१७ पासून केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यवस्थेवर महाविद्यालयीन गणिताचे पाठ घरबसल्या ऐकता येतात.

अशा शिक्षणाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. ज्याला नियमित प्रवेश मिळाला नाही त्याने करावयाची ही तडजोड, असे काहींना वाटते. हे मत अन्यायाचे आहे. कारण दिवसभर राबून रात्री वही उघडणाऱ्याची चिकाटी नियमित वर्गातल्या कित्येकांपाशी नसते. दुसरे मत जाहिरातींतून पसरते : हाती मोबाईल असला की कोणीही, कोठेही, काहीही शिकू शकतो. हे मत अधिक घातक आहे, आणि गणिताच्या बाबतीत तर विशेषच.

पडद्यावरचे शिक्षक उदाहरण सोडवीत असतात तेव्हा प्रत्येक पायरी स्वच्छ दिसते. पाहणारा मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर मांडू गेले, की तिसऱ्या ओळीवर लेखणी अडते. पाहताना झालेला बोध आणि हातात उतरलेले कौशल्य यांतले हे अंतर इतर विषयांत काही काळ लपून राहते. गणितात ते लगेच उघडे पडते. यंत्रावर घेतलेली चाचणी उत्तर चुकले एवढे सांगते. पण वजाचे चिन्ह घाईत निसटले, की 'अ अधिक ब' या बेरजेचा वर्ग म्हणजे अ-वर्ग अधिक ब-वर्ग अशी समजूत शाळेपासूनच मनात घट्ट बसली आहे, हे ती क्वचितच सांगते. पहिली चूक हाताची असते, दुसरी समजुतीची. आणि दुसरी दुरुस्त झाल्यावाचून कलनशास्त्राची पाने उलटण्यात अर्थ नाही. वर्गातून फिरणारे शिक्षक त्या ओळीवर बोट ठेवतात. घरी ते बोट कोणाचे, हा खरा प्रश्न आहे.

एकट्याने शिकणाऱ्याचे उदाहरण म्हणून नेहमी श्रीनिवास रामानुजन यांचे नाव घेतले जाते. एका जुन्या सूत्रसंग्रहावरून ते स्वतःच गणित शिकले, हे खरे. परंतु १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले. मूळ संख्यांविषयीचे त्यांचे काही निष्कर्ष बरोबर नव्हते आणि ते हार्डी यांच्या लक्षात आले. आपले काम जाणकाराच्या नजरेखालून जावे, ही गरज रामानुजन यांनाही वाटली. मग सामान्य विद्यार्थ्याने तिची लाज का बाळगावी?

रायपूरच्या मराठी विद्यार्थ्याची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. ती आहे परिभाषेची. घरी, किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्या आईवडिलांकडून, तो 'अपूर्णांक', 'काटकोन', 'अवयव', 'मूळ संख्या' हे शब्द ऐकतो. शाळेत त्याच गोष्टींना 'भिन्न', 'समकोण', 'गुणनखंड', 'अभाज्य संख्या' म्हणतात. महाविद्यालयीन पाठ ऐकू लागावे तर त्यांतले बहुतेक इंग्रजीत. एकाच कल्पनेची तीन नावे! समोरासमोरच्या वर्गात शेजाऱ्याला कुजबुजून विचारता येते. ध्वनिचित्रफितीतले शिक्षक पुढे निघून जातात, आणि विद्यार्थ्याला वाटते की आपल्याला गणित कळत नाही; वस्तुतः त्याला तो शब्द कळलेला नसतो. उलट बाजूही आहे. फीत मागे नेऊन तेच वाक्य चार वेळा ऐकण्याची सोय कोणत्याही वर्गात नसते. वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही भाषांतील शब्द शेजारी-शेजारी लिहीत गेल्यास ही अडचण हळूहळू सुटते.

चूक दाखविणारा माणूस मुक्त शिक्षणात अगदीच नसतो असे नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात स्वाध्यायांना साधारणतः ३० टक्के भार असतो. तपासलेला स्वाध्याय परत येतो तेव्हा त्यावरील शेरे म्हणजे शिक्षकाचे तेच बोट होय. हे स्वाध्याय दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढणारा विद्यार्थी गुण मिळवीत असेल, पण आपली चूक कळण्याची एकमेव संधी तो स्वतःच्या हाताने दवडतो. ज्याच्या मोहल्ल्यात गणिताची एखादी निवृत्त शिक्षिका आहे, किंवा आठवड्यातून एकदा वह्या अदलाबदल करून तपासणारे दोन सोबती आहेत, त्याने ऑनलाइन वर्ग निःशंक निवडावा. ज्याच्याजवळ असे कोणीच नाही, पण रविवार मोकळा आहे, त्याने संपर्क-सत्रे नियमितपणे घेणाऱ्या अभ्यास केंद्राची आधी चौकशी करावी. आणि ज्याला दशांश अपूर्णांकांचा भागाकार आजही अडतो, त्याने सहा महिने दहावीचेच पुस्तक पुन्हा सोडवावे. त्यात कमीपणा कसला?

'स्वयम्'वरील पाठ ऐकण्यास शुल्क नाही. ते भरावे लागते परीक्षेला बसताना. तेथील श्रेयांक नियमित पदवीत धरले जाण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या विनियमांत एका सत्रातील ४० टक्के अभ्यासक्रमांपर्यंत मुभा दिली आहे, मात्र आपले महाविद्यालय ते स्वीकारते का हे आधी लेखी विचारून घ्यावे. तोवर दोन आठवडे रोज एक पाठ ऐकावा, दुसऱ्या दिवशी मोबाईल बाजूला ठेवून त्यातली दोन उदाहरणे कोऱ्या कागदावर सोडवावीत, आणि ते कागद कोणा जाणत्याला दाखवावेत. प्रवेश-अर्ज त्यानंतर भरला तरी चालतो.