सायलेन्सरवरचा रोलर

जप्त केलेले सायलेन्सर भर रस्त्यात ओळीने मांडावयाचे, त्यांवरून रोलर फिरवावयाचा आणि चपट्या झालेल्या पत्र्याची छायाचित्रे वृत्तपत्रांकडे धाडावयाची, हा उपक्रम गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक शहरांच्या पोलिसांनी केला आहे. त्या दृश्याने ज्यांना समाधान वाटले त्यांत आम्हीही होतो, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. रात्री अकराच्या सुमारास खिडकीखालून बंदुकीच्या बारासारखा आवाज काढीत जाणाऱ्या मोटारसायकलीने ज्याचे तान्हे मूल दचकवून उठविले आहे, त्याला त्या रोलरविषयी ममत्व वाटले तर नवल नाही. परंतु समाधान वाटणे निराळे आणि प्रश्न सुटणे निराळे.

हा प्रश्न आता शहरापुरता उरलेला नाही. पुणे-नाशिक महामार्गाच्या दोहों बाजूंस पसरलेल्या आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांत तो अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. मंचरची बाजारपेठ आणि नारायणगावचा टोमॅटोचा बाजार यांनी या भागात रोख पैसा आणला. आणि चांगल्या हंगामानंतर घरातील तरुण मुलाच्या नावाने जी पहिली वस्तू येते ती बहुधा बुलेट असते, नाहीतर मालवाहू पिकअप. मग बुलेटला 'इंदोरी' किंवा 'पंजाब' सायलेन्सर बसतो, पिकअपला सुरावटीचे हॉर्न, रंगीत दिवे आणि पाठीवर बैलजोडीचे चित्र. चित्राबद्दल आमची तक्रार नाही, हॉर्नबद्दल आहे. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, ओतूर, आळेफाटा येथील पोलीस ठाण्यांना यांतून वाट काढावयाची असते. गावात पोलिसाला केवळ गाडीचा क्रमांक दिसत नाही, गाडीवाल्याचा बापही ठाऊक असतो, आणि गाडीवाल्याला पोलिसाचे गाव. अशा ठिकाणी एक कारवाई विसरली जाण्यास वर्षे लागतात.

कायदा काय म्हणतो, हे तरुणांनी एकदा शांतपणे वाचले पाहिजे. मोटार वाहन अधिनियमाच्या ५२व्या कलमान्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हा अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले १८२-अ कलम अशा मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगते. आणि ध्वनीची मर्यादा ओलांडणाऱ्यास कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकीस ८० डेसिबलची मर्यादा आहे, तर निवासी वस्तीत रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नसावा असे २००० सालचे ध्वनिनियम म्हणतात. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नव्हे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. तेव्हा "थोडासाच तर मोठा आवाज" हा युक्तिवाद शाळेतल्या गणितातही टिकणारा नाही.

म्हणजे पोलीस चुकतात असे आम्हांस म्हणावयाचे आहे काय? मुळीच नाही. ते अर्धेच काम करतात, असे आमचे म्हणणे आहे.

आम्ही एके काळी शाळेत शिकवीत होतो. वर्गात शिट्टी वाजली की वाजविणारा मुलगा सहज सापडे. त्याला बाहेर उभे केले की वर्ग शांत होई आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावरून शिट्टी ऐकू येई. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापाशी दोन पैसे नफ्यावर शिट्ट्या विकणाऱ्याकडे जाण्याचे आम्हांस फार उशिरा सुचले. सायलेन्सरचेही तसेच आहे. तो शेतात उगवत नाही. तो कोठेतरी तयार होतो, दुकानात टांगलेला असतो, रोख घेऊन विकला जातो आणि गॅरेजात अर्ध्या तासात बसविला जातो. १८२-अ कलमात उत्पादक, आयातदार आणि वाहनविक्रेता यांस प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपयांपर्यंत दंडाची व वर्षभराच्या कारावासाची तरतूद आहे. परंतु ती वाहन विकणाऱ्यास उद्देशून आहे, सुटा सायलेन्सर विकणारा दुकानदार तिच्यात सहजासहजी बसत नाही. ही फट राज्य शासनाने केंद्राकडे आग्रह धरून बुजवून घ्यावी. तोवर निदान दुकानाच्या दारात जाऊन विचारपूस करण्यास पोलिसांना कोण अडवितो? आणखी एक शंका. जप्त वस्तूची विल्हेवाट सामान्यतः न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने लागावी अशी रीत आहे. रोलर फिरविण्यापूर्वी ती प्रत्येक वेळी पाळली जाते काय? कायदा शिकवावयास निघालेल्यांनी तो छायाचित्रासाठी घाईत गुंडाळू नये.

जो मुलगा सायंकाळी बुलेट घेऊन फिरतो, तोच पहाटे मैदानावर धावताना दिसतो, हे या दोन तालुक्यांत नित्य पाहावयास मिळते. तो धावतो पोलीस भरतीसाठी. दंडाची पावती त्याच्या आड येत नाही. पण रस्त्यावरील हुज्जत वाढली, हात उचलला गेला आणि गुन्हा नोंदला गेला, तर चारित्र्यपडताळणीच्या वेळी तो कागद पुढे येतो. पाच मिनिटांच्या मस्तीची ही किंमत फार मोठी आहे. हुज्जत न वाढू देण्याची जबाबदारी दोघांची खरी, तथापि गणवेश ज्याच्या अंगावर आहे त्याची ती अधिक. ध्वनिमापक लावावा, आकडा त्या मुलाला दाखवावा, पावती फाडावी, सायलेन्सर उतरवून घ्यावा आणि मोकळे व्हावे. कान धरणे, बैठका काढावयास लावणे, त्याची चित्रफीत गावभर फिरविणे, यांतले काहीही कायद्याच्या पुस्तकात नाही.

सर्वच बदल गोंगाटाचे नसतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे ६०,००० रुपयांत पायाने किक मारून चालू होणारी छोटी जीप बनविली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर वाखाणणी केली आणि त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, हेही सांगितले; जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी तिच्या बदल्यात लोहारांना बोलेरो दिली. कारागिराचे कौतुक आणि कायद्याचा मान दोन्ही राखले गेले. परंतु प्रत्येक लोहाराला महिंद्र भेटत नाहीत. इंधन बदलण्याचा मान्यताप्राप्त संच बसविणे, परवानगीने इंजिन बदलणे, अपंगांसाठी वाहन अनुकूल करून घेणे, यांस कायद्याची वाट आहे. मात्र ती या दोन तालुक्यांपुरती पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयातून जाते, आणि जुन्नरच्या मिस्त्रीला त्यासाठी सत्तर-ऐंशी किलोमीटरची खेप पडते. तालुक्याच्या गावी परिवहन कार्यालयाची शिबिरे भरतात. त्यांत एक टेबल गॅरेजवाल्यांसाठी ठेवून काय चालते आणि काय चालत नाही हे सांगितले, तर निम्मी भांडणे रस्त्यावर येणारच नाहीत.

आता आमच्या शहरी वाचकांकडे वळतो, कारण त्यांना यातून सुटका नाही. पावसाळ्यात माळशेज घाटाकडे आणि भीमाशंकरच्या अरण्याकडे ज्या जीपगाड्या जातात, ज्यांची चाके मूळ मापाहून मोठी, ज्यांच्या कपाळावर डोळे दिपविणाऱ्या दिव्यांची रांग, त्या बहुतांशी पुण्या-मुंबईच्या असतात. त्यांचे मालक सुशिक्षित असतात, या प्रकाराला 'छंद' म्हणतात, आणि अडविले गेले तर कोणा ओळखीच्याला फोन लावतात. ५२वे कलम मंचरच्या बुलेटला आणि कोथरूडच्या जीपला एकच आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. रेडिओलहरींचा गोंगाट कमी असलेली जागा म्हणून शास्त्रज्ञांनी हा परिसर निवडला. त्या परिसरात आपण सहलीला जातो ते शांतता शोधण्यासाठीच, असे आम्ही समजत होतो.

१९ फेब्रुवारीस शिवजयंतीनिमित्त शिवनेरीच्या पायथ्याशी हजारो तरुण वाहने घेऊन येतात, आणि रस्त्यांवरील बंदोबस्त त्या दिवशी सर्वांत कडक असतो. पुणे ग्रामीण पोलिसांनी त्या दिवसाची वाट न पाहता आदल्या महिन्यात सुटे भाग विकणारी दुकाने आणि गॅरेजे पालथी घालावीत. वर्षअखेरीस किती सायलेन्सर जप्त झाले याचा आकडा ते देतातच. त्याच्या शेजारी किती विक्रेत्यांवर कारवाई झाली आणि शहरातून आलेल्या किती जीपगाड्या अडविल्या, हे दोन आकडेही त्यांनी प्रसिद्ध करावेत. आम्ही ते याच पानावर छापू.