अर्ज लिहून देणारी माणसे वस्तीतच आहेत

महिला मंडळाला शिवणवर्ग काढायचा असतो, वाचनालयाला कपाटे हवी असतात. जागा, माणसे, उत्साह सगळे असते आणि घोडे अडते ते निधीच्या अर्जापाशी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चावे लागतात. हा पैसा हवा असलेल्या स्वयंसेवी संस्थेला मात्र १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. त्याआधी आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, फॉर्मवर सीए किंवा तत्सम व्यावसायिकाची डिजिटल सही हवी. मग खरा प्रस्ताव. तिथे ‘महिलांना सक्षम करणे’ एवढे लिहून भागत नाही. किती जणी, किती महिने, कापड कोण आणणार, अनुदान संपल्यावर मशीन बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कुठून, हे सांगावे लागते.

इथेच टक्केवारीवर अर्ज लिहून देणाऱ्यांचे फावते. अंदाजपत्रकात दलालीला रकाना नसतो, म्हणून ती बहुधा बिले फुगवूनच निघते आणि पुढे हिशेबाच्या वेळी सह्या करणारे पदाधिकारी अडकतात. निधी उभारणाऱ्यांच्या जागतिक संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीवर मोबदला घेण्यास मनाई आहे. ज्याला साधा अर्ज लिहिता येत नाही तो पैसा काय सांभाळणार, असे काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. वर्ग चालवणे आणि प्रस्ताव लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. कोर्टाची भाषा येत नाही म्हणून गरिबाचा न्यायाचा हक्क जात नाही, हे मानूनच आपण १९८७ मध्ये मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा केला. अर्ज लिहायलाही तशीच मोफत मदत मिळायला हवी. फॉर्मच सोपे करा, ही सूचना रास्त आहे, पण ते होईपर्यंत मुदती थांबत नाहीत. फुकटच्या कामाची जबाबदारी कोण घेणार, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. अमेरिकेत १९५६ साली सुरू झालेल्या फाउंडेशन सेंटरने, म्हणजे आजच्या कँडिडने, देणगीदारांची माहिती आणि प्रशिक्षण सार्वजनिक ग्रंथालयांतून मोफत दिले. मदत ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी मिळाली की जाब विचारायलाही जागा राहते.

भिलाईच्या स्मृति नगरात हे सहज जमण्यासारखे आहे. पोलाद कारखान्याच्या या शहरात निविदा, अंदाजपत्रके आणि ऑडिटची उत्तरे लिहिण्यात हयात घालवलेली निवृत्त माणसे आहेत, वाणिज्य शिकणारी मुले आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, एक टेबल मांडावे. नियम मोजकेच: टक्केवारी नाही, अनुदान मिळवून देण्याची हमी नाही, आकडे संस्थेनेच द्यायचे, आणि अर्जाची पूर्ण प्रत संस्थेकडे राहील, म्हणजे पुढचा अर्ज तिला स्वतः लिहिता येईल. निवृत्त लेखापाल आणि अभियंत्यांनो, वस्तीतल्या एका तरी मंडळाचा अर्ज यंदा तुम्ही हाती घ्या.