दिव्याचे मोल

सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावरील येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. यात्रेच्या दिवसांत भाविकांच्या वाहनांची येथे रीघ लागते; गळिताच्या हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर संथपणे मार्ग आक्रमीत असतात; मालमोटारींची वर्दळ तर बारमाही आहे. अशा गर्दीत अपघातग्रस्ताला घेऊन बार्शीच्या वा धाराशिवच्या दिशेने निघालेल्या रुग्णवाहिकेला वाट मिळायची ती दोनच साधनांच्या बळावर : भोंगा आणि दिवा. पैकी भोंग्याचा आवाज बंद काचांच्या मोटारीत किंवा ट्रॅक्टरवरील ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात विरून जातो. उरतो तो दिवा. तो कोठे बसवावा आणि कोणी लावावा, हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटले तरी वस्तुतः सार्वजनिक नीतीचे आहेत.

टपावरचा दिवा इतर वाहनांच्या डोक्यावरून दूरवर दिसतो, हा त्याचा गुण. परंतु रुग्णवाहिका अगदी पाठीशी येऊन ठेपली की पुढच्या चालकाच्या आरशात तिचा टप दिसेलच असे नाही. दिसते ती पुढची जाळी. म्हणूनच जाळीत, बाजूंना व मागे, पत्र्याच्या पातळीत चपखल बसणारे दिवे लावण्याची पद्धत रूढ झाली. त्यांना झाडाच्या फांदीचा फटका बसत नाही. एलईडीमुळे बॅटरीवरचा भारही अल्प असतो. मात्र काम हलगर्जीपणाने झाले तर गुणाचा अवगुण होतो. भोकाभोवतीचे रबर नीट बसले नाही तर पाणी झिरपून पत्रा गंजतो. मागचे दिवे दारावर बसविले तर रुग्णाला चढविण्यासाठी दार उघडताच ते भलतीकडे तोंड फिरवितात. ते स्थिर चौकटीवरच हवेत. रात्री तेज कमी करण्याची सोय नसेल तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

पण दिवा उत्तम बसविला म्हणून वाट मिळतेच असे नाही. इशाऱ्याचा दिवा हे एक प्रकारचे चलन आहे. नोटा बेसुमार छापल्या की रुपयाचे मोल घसरते. तद्वत दिवे बेसुमार लुकलुकू लागले की त्यांच्यावरील विश्वास घसरतो. लाल दिव्याच्या मोटारींचा इतिहास याची साक्ष देतो. मानाचे चिन्ह म्हणून तो दिवा इतका फैलावला की डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर निर्बंध घालावे लागले, आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने मंत्र्यांसह सर्वांच्याच मोटारींवरून तो उतरविला. आणीबाणीच्या सेवांची वाहने तेवढी त्यातून वगळली गेली. निर्णय योग्यच होता. परंतु टपावरून उतरलेली हौस जाळीत जाऊन लपली, त्याचे काय? पत्र्यात दडणारा दिवा विझला की दिसत नाही. रुग्णवाहिकेच्या दृष्टीने जी सोय, तीच मिरविणाऱ्याच्या दृष्टीने पळवाट ठरते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आणीबाणीच्या वाहनाला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिक्षा कठोर आहे. पण मागून येणारा प्रकाश रुग्णाचा की कोणा हौशी पुढाऱ्याचा, हे ज्याला आरशात ओळखता येत नाही, त्याच्याकडून तत्परतेची अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची? वाट देणे हे नागरिकाचे कर्तव्य असेल, तर इशारा खरा राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे. खासगी मोटारींतील असे दिवे केवळ दंड करून सोडून न देता जागीच काढले जावेत, आणि मोटार पुढाऱ्याची असो वा अधिकाऱ्याची, भेद केला जाऊ नये. दुसरीकडे, रुग्णवाहिकेच्या योग्यता तपासणीत तिचा प्रत्येक दिवा पेटतो की नाही हे पाहिले जावे, आणि तिच्या देखभालीच्या खर्चात या दिव्यांची तरतूद स्वतंत्रपणे असावी.

राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हापासून खेड्यातील माणसालाही हाक मारण्याचे एक ठिकाण मिळाले. हाकेला धावणारी गाडी घाटाच्या चढणीवर उसाच्या ट्रॅक्टरमागे खोळंबून राहिली, तर त्या हाकेचा उपयोग काय? एका दिव्याचा खर्च फार नाही. त्याच्यावरचा विश्वास मात्र एकदा उडाला, की तो कोणत्याही निविदेने विकत घेता येत नाही.