वजनाचा आकडा आणि आपली जीभ



वर्षातून एकदा शाळेत वजन-उंची घेण्याचा दिवस येतो. व्हरांड्यात काटा मांडतात. एक शिक्षक आकडा मोठ्याने वाचतात, दुसरे तो तक्त्यात लिहितात आणि रांगेतली चाळीस मुले तो ऐकतात. आकडा 'अडतीस' आला तर कोणी काही बोलत नाही. 'बहात्तर' आला की हशा उसळतो. 'अरे, काटा मोडेल!' असे कोणीतरी ओरडतो. काट्यावरचा मुलगा खाली उतरून पायात चपला सरकवतो आणि आपणही थोडे हसून घेतो. त्याचे ते हसणे पाहून आपण समजतो की त्याला काही वाटले नाही.

या हशाविषयी मला लिहायचे आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण मोजणे हा आमच्या विषयाचा पाया आहे. एखादे माप काय सांगते आणि कोठे गप्प बसते, हे आम्हांला रोज विद्यार्थ्यांना सांगावे लागते. म्हणून हे धाडस.

बहात्तर आकडा दाखवणारा काटा एवढेच सांगतो की या देहाचे वस्तुमान ७२ किलोग्रॅम आहे. (खरे म्हणजे तो बल मोजतो आणि किलोग्रॅम दाखवतो. चंद्रावर नेला तर तोच काटा बारा दाखवील. पण ते असो.) मुलगा आळशी आहे, खादाड आहे, त्याचा स्वतःवर ताबा नाही, डोक्याने तो मंद असणार, यांतले काहीही त्या काट्यावर लिहिलेले नसते. ते सगळे आपल्या पदरचे असते.

यावर कोणी म्हणेल, नुसत्या वजनाला अर्थ नाही हे खरे. म्हणून तर बी.एम.आय. काढतात आणि तो शास्त्रीय आहे. किलोग्रॅममधील वस्तुमानाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे की झाला निर्देशांक तयार. या सूत्राचा जन्म कोठे झाला ते पाहण्यासारखे आहे. ते डॉक्टराच्या खोलीत जन्मले नाही. आदोल्फ केतले (१७९६–१८७४) हा बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. ब्रुसेल्सची वेधशाळा त्याच्याच खटपटीने उभी राहिली. खगोलशास्त्रज्ञांची एक जुनी अडचण असते. एकाच ताऱ्याचे स्थान दहा जणांनी मोजले तर दहा वेगळी उत्तरे येतात. ती उत्तरे मधल्या एका किमतीभोवती दाटलेली असतात आणि तीपासून दूर जावे तशी विरळ होत जातात. मधली किंमत म्हणजे ताऱ्याच्या खऱ्या जागेचा सर्वांत चांगला अंदाज. इतर उत्तरांतला फरक म्हणजे मापनातली त्रुटी. तुम्ही प्रयोगवहीत पाच वाचने घेऊन सरासरी काढता ती याच न्यायाने.

केतलेने हे तंत्र माणसांना लावले. १८३५ साली त्याने 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. पुढे पाच हजारांवर स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे त्याने तपासली, तेव्हा तोच घंटेच्या आकाराचा आलेख मिळाला. शोध मोठा होता यात शंका नाही. पण त्यात एक घसरण होती, आणि ती तुम्ही नीट ध्यानात घ्यावी असे मला वाटते. तारा एकच असतो आणि त्याची खरी जागाही एकच असते. म्हणून तेथे फरकाला त्रुटी म्हणता येते. पाच हजार सैनिक म्हणजे एकाच सैनिकाची पाच हजार वाचने नव्हेत! ती पाच हजार वेगवेगळी माणसे आहेत आणि प्रत्येकाची छाती जेवढी आहे तेवढी खरीच आहे. केतलेला मात्र सरासरी माणूस हा निसर्गाने नेम धरलेला आदर्श वाटला, आणि बाकीचे जणू नेम चुकल्याची उदाहरणे. जाड मुलाकडे पाहून आपण 'प्रमाणाबाहेर' म्हणतो, तेव्हा नकळत त्याच घसरणीवरून खाली येत असतो.

वजनाबद्दल केतलेला एवढेच आढळले होते, की पूर्ण वाढ झालेल्या माणसांची वजने साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. लठ्ठपणा मोजण्याचा त्याचा हेतू नव्हता. सुमारे एकशेचाळीस वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेतील अॅन्सेल कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे गुणोत्तर पुन्हा वर काढले आणि त्याला आजचे नाव दिले. त्यांच्यापुढची मापे पाच देशांतल्या सात हजारांवर माणसांची होती. ते सगळे पुरुष होते. लोकसमूहांची तुलना करायला सोपे आणि स्वस्त माप म्हणून सूत्र चांगले होते, आजही आहे.

आता वही-पेन्सिल घ्या. एका व्यक्तीची उंची १५० सेंटीमीटर आणि वस्तुमान ४५ किलोग्रॅम आहे. निर्देशांक किती? ४५ भागिले २.२५, म्हणजे २०. आता हाच देह, आकार जराही न बदलता, लांबी-रुंदी-जाडी तिन्ही दिशांनी १.२ पट मोठा करा. उंची झाली १८० सेंटीमीटर. घनफळ १.२ च्या घनाने वाढेल, म्हणून वस्तुमान झाले ७७.७६ किलोग्रॅम. नवा निर्देशांक काढा: बरोबर २४! देहाची ठेवण तीच, चरबीचे प्रमाण तेच, आणि आकडा २० वरून २४ वर गेला. भारतीय प्रौढांसाठी २३ च्या पुढे 'अतिवजन' धरतात, म्हणजे या दुसऱ्या व्यक्तीवर निव्वळ उंचीमुळे शिक्का बसेल. अर्थात उंच माणसे बुटक्या माणसांच्या हुबेहूब मोठ्या प्रती नसतात, म्हणून प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही. पण सूत्र कोठे लंगडते ते कळायला हे उदाहरण पुरे आहे. शिवाय तुम्ही अजून वाढत आहात. वाढत्या वयात वजन उंचीच्या वर्गाप्रमाणे जात नाही, हे स्वतः केतलेनेच नोंदवले होते. म्हणून मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे तक्ते वापरतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ते २०१५ मध्ये नव्याने प्रसिद्ध केले. मोठ्यांचा तक्ता वर्गातल्या भिंतीवर लावून मुलांना त्यात बसवणे हे गणित म्हणूनच चूक आहे.

शिक्क्याची सीमाही माणसे ठरवतात. १९९८ मध्ये अमेरिकेत ती सुमारे २७.५ वरून २५ वर आणली गेली, तेव्हा अडीच कोटींहून अधिक लोक झोपेतून उठले ते 'अतिवजनी' होऊन. कोणाच्याही देहात ग्रॅमभर फरक पडला नव्हता. सीमा बदलण्यामागे आरोग्याची कारणे होती हे मान्य. पण कारणे सांगून बदलता येते ती रेषा माणसाच्या कपाळावर कोरलेली नसते.

आपल्या पुण्याचेच एक उदाहरण सांगतो. के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय देहातही चरबी आणि मधुमेहाचा धोका लपलेला असू शकतो, हे याज्ञिकांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचे सार आहे. तेव्हा रांगेत हसणाऱ्या बारीक मुलाला आपल्या आत काय चालले आहे याचा पत्ता असतोच असे नाही.

"पण सर, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तर खरा ना? जेवढे खाल तेवढे साठेल." हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतो. नियम खरा आहे. दादर स्टेशनवर गर्दी का झाली, तर आत आलेली माणसे बाहेर गेलेल्यांपेक्षा जास्त होती म्हणून. हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यातून काहीही कळत नाही. गाडी रद्द झाली होती का, पूल बंद होता का, हे खरे प्रश्न. देहात तर खर्चाची बाजूही स्थिर नसते. कॅनडात क्लॉड बूशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्यांना शंभर दिवसांपैकी चौऱ्याऐंशी दिवस रोज हजार किलोकॅलरी जादा खायला घातल्या. निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. जादा आहार सर्वांना सारखा, पण कोणाचे वजन ४.३ किलोग्रॅमने वाढले तर कोणाचे १३.३ ने, आणि एका जोडीतले दोघे भाऊ बहुधा सारखेच वाढले. म्हणजे साठवायचे किती आणि उधळायचे किती, यात आनुवंशिकतेचा हात मोठा आहे.

उलट दिशेचा प्रयोग त्याच कीजने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये मिनेसोटात केला होता. छत्तीस धडधाकट स्वयंसेवकांना सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्न दिले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. पण देह गप्प बसला नाही. नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, ऊर्जेचा खर्च घटला. माणसे रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली. काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवली. पोटभर मिळू लागल्यावर अनेकांचे वजन पूर्वीपेक्षाही पुढे गेले. हे छत्तीस जण निवडून घेतलेले, निश्चयी तरुण होते. तेव्हा 'मनावर घेतले की झाले' असे म्हणताना जरा थांबावे.

गैरसमज नको. फार वाढलेल्या चरबीचा मधुमेहाशी, हृदयविकाराशी, गुडघ्यांच्या दुखण्याशी संबंध आहे. ते मी नाकारत नाही. कोणी नाकारू नये. पण त्याची तपासणी डॉक्टरांनी करायची असते, आणि त्यांनीही एका आकड्यावर विसंबू नये, असे २०२५ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका आयोगाने स्पष्ट सांगितले आहे. चिडवण्याने आरोग्य सुधारते असे मात्र कोणत्याही प्रयोगात दिसलेले नाही. उलट वजनावरून चिडवल्या गेलेल्या मुलांची वजने पुढे अधिक वाढलेली अनेक पाहण्यांत आढळली. (सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण चिडवणे हे औषध आहे असे म्हणणाऱ्याने तर पुरावा द्यायलाच हवा.) चिडवला जाणारा मुलगा मैदानावर येत नाही, पोहायला जात नाही, डबा एकटा खातो. यातून कोणते आरोग्य साधले?

या अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्यांत एक इंजिनिअर होता, हे मला आवडते. बिल फॅब्री याने १९६९ मध्ये अमेरिकेत जाड माणसांच्या हक्कांसाठी संघटना काढली. मिशिगन राज्याने १९७६ च्या कायद्याने नोकरीत वजन-उंचीवरून भेदभाव करायला बंदी केली. न्यूयॉर्क शहराने तसा नियम २०२३ मध्ये केला.

आपल्याकडे अजून जिभेचेच राज्य आहे. 'ढब्बू', 'भोपळा', 'कुठल्या चक्कीचं पीठ खातोस?' स्नेहसंमेलनात जाड मुलाला कुंभकर्ण ठरलेला, मग त्याचा आवाज कितीही गोड असो. जाड मुलीला हाक मारायची ती 'टुणटुण' म्हणून. त्या नावामागच्या उमादेवी मुळात गायिका होत्या. १९४७ च्या 'दर्द' चित्रपटातल्या त्यांच्या गाण्यांनी लोकांना वेड लावले होते. पण पुढे त्यांच्या आकारावर हसणारे त्यांचा गळा विसरले. आणि दुकानदार, काकू, बसमधला अनोळखी प्रवासी, 'जरा कमी खा हो' असे सांगण्याचा परवाना यांना कोणी दिला कोण जाणे. बुटक्या माणसाला 'जरा उंच व्हा' असे कोणी सांगत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे आपल्याविषयी. म्हणजे आधी माझ्याविषयी. पंधराएक वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात मी जडत्व शिकवत होतो. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाला पुढे बोलावले, शेजारी वर्गातला सर्वांत किडकिडीत मुलगा उभा केला आणि विचारले, "यांतल्या कोणाला ढकलायला जास्त बल लागेल?" वर्ग खदखदून हसला. तोही हसला. तास रंगला म्हणून मी खूश होतो. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला. आधी तो भरपूर प्रश्न विचारी. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्याने एकही विचारला नाही. हे माझ्या लक्षात यायलाही सहामाही परीक्षा उजाडली. तोवर त्याला काय म्हणावे ते मला सुचेना, आणि खरे सांगायचे तर मी काहीच म्हटले नाही. बारावीनंतर तो कोठे गेला ते मला ठाऊक नाही.

वजन घेण्याच्या दिवशी काटा पडद्याआड ठेवता येतो. आकडा मोठ्याने वाचण्याऐवजी चिठ्ठीवर लिहून ज्याचा त्याला देता येतो. त्याला खर्च काही नाही. मी आमच्या शेजारच्या शाळेत तसे करवून पाहिले, वेळही फारसा वाढला नाही.

आणि जडत्वासाठी मी आता प्रयोगशाळेतली ट्रॉली घेतो. एकदा रिकामी, एकदा तिच्याच वस्तुमानाइतकी वजने ठेवून. कप्पीवरून दोरी सोडून दोन्ही वेळा सारखेच बल लावायचे आणि मीटरभर अंतर कापायला लागणारा वेळ मोजायचा. त्वरण निम्मे होते हे मुलांना आकड्यांत दिसते. मुलांना उभे करून ते कधीच दाखवता आले नसते.