पडदा लुकलुकतो तेव्हां

कॉटन ग्रीन येथील एक पालक परवां चिंतातुर मुद्रेनें आमच्याकडे आले. मुलाच्या संगणकाचा पडदा लुकलुके व मध्येंच गोठून जाई. दुकानदारानें सांगितलें, ग्राफिक्स कार्ड बदला. नवें कार्ड म्हणजे त्यांची एका महिन्याची कमाईच! खरेदी चार दिवस थांबवा, असें आम्हीं त्यांस सुचविलें.

विद्यार्थिमित्रहो, दोष जेथें दिसतो तेथेंच त्याचें मूळ असतें असें नाहीं. प्रथम पडद्याची केबल घट्ट बसवावी, दुसरी लावून पाहावी. मग टास्क मॅनेजर उघडावा. तोही लुकलुकला तर संशय ड्रायव्हरवर. ड्रायव्हर काढून नव्यानें बसवावा. तो स्थिर राहिला तर दोष बहुधा एखाद्या प्रोग्रॅमचा. कार्डाकडून सुमारें २ सेकंद उत्तर न आल्यास विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, व पडदा क्षणभर काळा होतो. जड खेळ चालवितांच यंत्र गोठत असेल, तर उष्णता व वीजपुरवठा तपासावा. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. एरवीं खरें कारण हातीं लागत नाहीं.

त्या घरीं गोदामांकडून येणारी धूळ कार्डाच्या पंख्यांत साचली होती. प्लग काढून मुलानें ती मऊ ब्रशानें झाडली, आणि यंत्र सुरळीत चालूं लागलें. कार्ड खरोखरच निकामी झालेलेंही असूं शकतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वडिलांच्या घामाचा पैसा मागण्यापूर्वीं स्वतः तपास करणें हें विद्यार्थ्याचें कर्तव्य होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.