‘सिलेक्शन पक्कं’ म्हणणाऱ्याला चाळीस हजार द्यायचे का?

पोस्ट लांब आहे. पण घरात दहावी-बारावीचं खेळणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या गावांतल्या लोकांनी मला एकच पत्रक व्हॉट्सअॅपवर पाठवलं. खेळाडू कोट्यातून पुण्या-मुंबईच्या कॉलेजात प्रवेश, होस्टेल फ्री, फी माफ, नॅशनल खेळायची संधी, पुढे पोलीस आणि रेल्वेत नोकरी. नोंदणी ४०,००० रुपये, दोन हप्त्यांत. वर मोठ्या अक्षरात ‘सिलेक्शन पक्कं’. या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे दहा जण ‘आम्ही त्यातले नाही’ म्हणून मोकळे होतात, आणि धंदा सगळ्यांचा सारखाच आहे.

तिघांपैकी दोघांनी सहज विचारलं होतं. तिसरे काका मात्र विसरवाडीला बाजाराच्या दिवशी मला भेटायलाच आले. दर वर्षी नवरा-बायको ऊसतोडीला गुजरातेत जातात. पोरगी बारावीला आहे, ८०० मीटर पळते, शालेय स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली होती, विभागात चौथी. काका म्हणाले, “भाऊ, मुकादमाकडून उचल यंदा थोडी जास्त घेतो अन् भरून टाकतो. पोरीचं होऊन जाईल ना?”

उचल काय असते हे आपल्या भागात सांगायला नको. हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामाला मानेवर बसते. म्हणजे पोरीच्या कॉलेजसाठी आई-बाप आणखी एक वर्ष कोयत्याला बांधले जाणार. म्हणून ४०,००० हा आकडा शहरातल्या माणसाला वाटतो तेवढा साधा नाही.

आता या चाळीस हजारांत मिळतं काय ते बघू.

पहिलं म्हणजे ‘होस्टेल फ्री, फी माफ’. मंडळी, आपल्याकडच्या बहुतेक घरांना हे आधीच लागू आहे! आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत, तिथे राहणं-जेवण मोफत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, त्यात राहण्या-जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. कॉलेजच्या फीसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अटी आहेत, कागदपत्रं लागतात, पैसे उशिरा येतात, ते सगळं खरं. पण नंदुरबारच्या प्रकल्प कार्यालयात चौकशी करायला एसटीचं तिकीट पुरतं. जी गोष्ट पोरीच्या जातीच्या दाखल्यावर मिळणार आहे, ती खेळाच्या नावाने पत्रकात छापायची आणि त्याचेच पैसे घ्यायचे, याला मी सेवा म्हणत नाही.

दुसरं, कॉलेजचा प्रवेश. खेळाडू कुणाला घ्यायचं हे बहुतेक कॉलेजांत शारीरिक शिक्षण संचालक बघतात. त्यांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेजसाठी पदक हवं असतं, त्यामुळे चांगला खेळाडू त्यांनाही हवाच असतो. ते विचारतात तीनच गोष्टी. वेळ किती, जन्मतारीख काय, कुठल्या पातळीचं प्रमाणपत्र आहे. काका बसलेले असतानाच मी दोन कॉलेजांना फोन लावला, एक नाशिकचं, एक पुण्याचं. एका ठिकाणी कुणी उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणच्या सरांनी बरोबर हेच तीन प्रश्न विचारले, २ मिनिटं ३१ सेकंद ऐकल्यावर “सराव काय करते?” असं विचारलं, आणि निकालानंतर ट्रायलला घेऊन या म्हणाले. “घेतोच” म्हणाले नाहीत. पण त्या एजंटानेही यापेक्षा जास्त काय केलं असतं? फोनच केला असता.

इथे या धंद्याचं गणित समजून घ्या. समजा शंभर पोरांनी पैसे भरले. त्यातली सात-आठ पोरं मुळातच पळणारी. त्यांना कुठेतरी प्रवेश मिळणारच होता, मिळतो. त्यांचे फोटो बॅनरवर लागतात, हार घालून. बाकीच्या नव्वदांना सांगितलं जातं की तुमचं पोरगं ट्रायलला कमी पडलं. बापही मान खाली घालून घरी येतो, कारण पोरगं खरंच कमी पडलेलं असतं. पैसे परत मागायचं त्याच्या मनातही येत नाही. बॅनर मात्र पुढच्या वर्षीही लागतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात वाईट आहे, तो प्रमाणपत्राचा. ‘नॅशनल खेळायची संधी’ म्हणजे पुष्कळदा काय असतं? प्रवेश फी भरा, रेल्वेने कुठल्या तरी पर्यटनाच्या गावी जा, एका दिवसात चार सामने, संध्याकाळी सगळ्यांच्या गळ्यात मेडल. कागदावर ‘राष्ट्रीय’ लिहिलेलं. आणखी थोडे पैसे टाकले तर नेपाळला जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. २००५ च्या शासन निर्णयाने ते आलं, २०१६ मध्ये नियम सुधारले. त्यासाठी नुसतं प्रमाणपत्र चालत नाही. ते कोणत्या संघटनेचं आहे, स्पर्धा मान्यताप्राप्त होती का, याची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. आपल्यासाठी ते नाशिकला. पैसे देऊन आणलेला कागद तिथे उभा राहत नाही. आणि चुकून उभा राहिलाच तर पुढे जास्त वाईट होतं. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकरी मिळवल्याची प्रकरणं राज्यात गाजली, गुन्हे दाखल झाले. आपलं अठरा वर्षांचं पोरगं ज्या कागदाला बक्षीस समजून फाइलला लावतं, तोच कागद त्याला आरोपी करू शकतो. विकणारा तोवर नंबर बदलून बसलेला असतो.

खरी वाट लांब आहे पण माहितीतली आहे. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. या वाटेवरचा जिल्ह्याचा कागदसुद्धा त्या पर्यटनवाल्या ‘नॅशनल’पेक्षा जास्त किमतीचा आहे.

मोठी माणसं कुठून आली तेही बघा. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. त्याच्या वडिलांनी त्याला २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथली निवड पळणं, उडी, चेंडूफेक अशा चाचण्यांवर होते. पुढे गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याच्या बातम्या आल्या होत्या. कर्ज त्यांनीही काढलं, पण गोळ्यांसाठी, ओळखीसाठी नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बापाबरोबर विहिरी खोदायचा. २०१२ मध्ये सैन्यात गेला, वल्हं हातात धरायला तिथेच शिकला, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. आणि आपल्याला सगळ्यात जवळची कविता राऊत. हरसूलकडच्या सावरपाड्याची आदिवासी पोरगी. नाशिकला विजेंद्र सिंग यांच्याकडे सराव केला आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणलं.

कुणी म्हणेल, भाऊ, ही हजारात एक माणसं, आमच्या पोरांचं काय? बरोबर आहे. म्हणूनच पोरगं ऑलिंपिकला जाईल की नाही हा विषय आपण सोडून देऊ. काकांना ऑलिंपिक नकोच आहे, पोरगी कोयता हातात न घेता कुठेतरी लागली पाहिजे एवढंच हवंय. तर पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत पळालं की त्या प्रकाराचे पूर्ण गुण मिळतात. ही पोरगी आजच त्याच्या खाली पळते, खेळाडू कोटा नाही, एजंट नाही, काही नाही. तिला गोळाफेक आणि लेखी परीक्षेची तयारी हवी आहे. चाळीस हजारांत तिची वेळ एका सेकंदानेही कमी होणार नव्हती.

आपल्याकडेच हे चालतं असंही नाही. माझा एक मावसभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. तिकडच्या मराठी घरांतही पोराला कॉलेजच्या टेनिस किंवा पोहण्याच्या टीममध्ये घ्यावं म्हणून कंपन्यांना हजारो डॉलर देतात. तिथल्या कॉलेज खेळांची संस्था एनसीएए स्वतःच सांगते की शाळेत खेळणाऱ्यांपैकी जेमतेम २ टक्के पोरांना खेळाची शिष्यवृत्ती मिळते, आणि तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांत तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथेही निर्णय कोचच घेतो. कंपनी त्याला ईमेल पाठवते, जो पोरगा स्वतः पाठवू शकतो. फरक एवढाच की त्या बापाचे पैसे बुडाले तर तो चिडतो, घर चालू राहतं. आपल्याकडे बुडाले तर पाळीला आलेली गाय जाते.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. लोक या एजंटांकडे मूर्खपणाने जात नाहीत. एजंट पाड्यापर्यंत येतो. चहा घेतो, पोराचं नाव घेऊन बोलतो, फोन उचलतो. सरकारी यंत्रणेतलं कोण आपल्याकडे येतं? तालुका स्पर्धेची नोंदणी शाळेमार्फत करावी लागते. शाळेने वेळेत केली नाही तर पोरगं कितीही पळो, त्या वर्षी संपलं. आपल्या नवापूर तालुक्यात किती आश्रमशाळांत आणि हायस्कुलांत पूर्णवेळ क्रीडा शिक्षक आहे, तुम्हीच आठवून बघा. बहुतेक ठिकाणी गणिताचे नाहीतर मराठीचे सर शिट्टी घेऊन उभे असतात, बिचारे मनापासून करतात, पण प्रबोधिनीच्या चाचण्या कधी, सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत ८ ते १४ वयाची पोरं घेतात आणि शाळा-जेवण सगळं मोफत असतं, हे त्यांना कुणी कळवलेलं नसतं. ही माहिती मोफत आहे, पण खांडबाऱ्यापासून आत आठ किलोमीटरच्या पाड्यावर ती पोचतच नाही. एजंट नेमकी ही मधली जागा विकतो. उद्या दहा एजंट पकडले तरी ती जागा रिकामी राहिली तर अकरावा येईल.

म्हणून पंचायत समितीच्या सदस्यांना आणि जिल्हा परिषदेच्या मंडळींना माझं जाहीर सांगणं आहे. बक्षीस समारंभाला फेटे बांधून येता, या. पण जून-जुलैमध्ये एकदा आपल्या गटातल्या शाळेत जाऊन एवढं विचारा की तालुका स्पर्धेची नोंदणी झाली का, आणि कुणाकुणाची. याला निधी लागत नाही.

खेळावर पैसे खर्चूच नका असं मी म्हणत नाही. दोन-तीन हजारांचे स्पाइक बूट घ्या. रोज अंडी-शेंगदाणे द्या. विभागीय स्पर्धेला जायचं भाडं, एक रात्र राहणं, यावर खर्च करा. घड्याळ हातात घेऊन रोज सकाळी मैदानावर उभा राहणारा खरा प्रशिक्षक मिळाला तर त्याची महिन्याची फी खुशाल द्या, पोरगं दोन महिने त्याच्याकडे पाठवून वेळ सुधारते का ते बघा. हे पैसे पोराच्या पायात जातात.

आणि तरीही कुणाला एजंटाकडे जायचंच असेल तर पैसे देण्याआधी त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या. कोणत्या कॉलेजात, कोणत्या खेळात, कोणत्या तारखेपर्यंत प्रवेश, आणि नाही झाला तर किती पैसे किती दिवसांत परत. सोबत मागच्या वर्षी प्रवेश झालेल्या पाच पोरांच्या पालकांचे फोन नंबर मागा, आणि स्वतः फोन करा. कोणत्या संघटनेची स्पर्धा आहे ते विचारून तिला मान्यता आहे का हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तपासा. काकांनी हे प्रश्न त्या माणसाला फोनवर विचारले. तो म्हणाला, विश्वास नसेल तर राहू द्या. काकांनी राहू दिलं. पोरीची ट्रायल अजून व्हायची आहे.

ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी लाजू नका. पावती, मेसेज, फोन-पेचे स्क्रीनशॉट, ते पत्रक, काहीही डिलीट करू नका. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही. वकील लागतोच असंही नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो. आपल्या भागातली अशी प्रकरणं एकत्र आली तर जास्त बरं. कॉमेंटमध्ये नावं-नंबर टाकू नका, मला मेसेज करा. अर्ज लिहायला मी बसेन.