अंदाजाची चूकही सांगा की!

"कॉम्प्युटरने काढलंय, म्हणजे अचूकच!" हे वाक्य ऐकलं की माझा पारा चढतो. मी साधा मराठी माध्यमाचा बी.ए. मास्तर, तरी या विषयावर भांडणार आहे.

हाती आलेल्या आकड्यांशी कोणता तर्क किती जुळतो, हे मोजण्याच्या मापाला संख्याशास्त्रात 'लाइकलीहुड' म्हणतात. आता आमच्या दारव्ह्याकडची कपाशी घ्या. एका वावरात बोंडअळी आली की शेजारच्या वावरालाही धोका. हजार वावरं धरली आणि प्रत्येकात अळी आहे की नाही एवढंच पाहिलं, तरी एकूण शक्यतांची संख्या ३०२ अंकी होते! संगणकही हात टेकतो. म्हणून ब्रिटनच्या ज्युलियन बेसाग यांनी १९७५ साली युक्ती मांडली: प्रत्येक वावर फक्त शेजाऱ्यांच्या संदर्भात पाहा आणि त्या तुकड्यांचा गुणाकार करा. युक्ती शहाणपणाची आहे, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही.

तक्रार पुढे आहे. तुकडे एकमेकांवर रेललेले असताना ते स्वतंत्र धरले, की एकच पुरावा पुन्हा पुन्हा मोजला जातो. एकाने उठवलेली बातमी दहा जणांनी सांगितली, म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत. उत्तर बरोबरच्या आसपास असेलही, पण "चूक एवढीशीच" हा दावा बहुधा फसवा निघतो. यावर उतारा आहे, आणि त्याला नाव आपल्याच माणसाचं आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकवलेल्या विद्याधर गोडांबे यांच्या १९६०च्या कामातून आलेल्या मापाला जगभर 'गोडांबे इन्फर्मेशन' म्हणतात. तुकडे किती रेललेले आहेत हे त्यात धरलं जातं आणि चुकीची खरी मर्यादा कळते.

हे पुस्तकी भांडण नव्हे. पीक विम्यात मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेलं, तर भरपाई मिळते. जरा वर राहिलं, तर नाही. हा अंदाज आता उपग्रहाच्या चित्रांवरूनही काढू लागले आहेत. चूक किती असू शकते हेच माहीत नसेल, तर 'जरा वर' याला अर्थ काय?

"लोक गोंधळतील, म्हणून एकच आकडा सांगतो," असं साहेब लोक म्हणतात. अहो, मृगाच्या भरवशावर पेरणारा माणूस जन्मभर अंदाजावरच जगतो. त्याला अंदाजाची भीती नाही. अंदाज खात्री म्हणून गळ्यात मारला, की मात्र तो बुडतो.

असो. पटत नसेल, तर प्रतिक्रियेत भांडा.